अभ्रा

वडील खुर्चीवर रुमाल पसरायचे,
त्याला ओठ लावून श्वास आत ओढायचे,
खोकायचे,
मग रुमाल उलटा करून दाखवायचे:
खालच्या अंगाला धुळीचा गोल चंद्र.
"लंडनात एका इंजिनियरनं असंच केलं.
तोवर सगळे धूळ फुंकत होते.
उलटा श्वास घेणारा हा पहिला."
वाइंडिंगच्या दुकानात शाळेआधीचा माझा हा धडा.

पहिलं यंत्र म्हणे घोडागाडीवरून यायचं,
रस्त्यात उभं राहून धापा टाकायचं,
नळ्या खिडकीतून आत.
घोडे बुजायचे. घरवाले पाहुण्यांना चहाला बोलवायचे,
गालिचा साफ होताना बघायला.
मला ती गाडी कायम हरभट रोडवर दिसायची,
टांग्यांच्या रांगेत, मागं पोरं.

वखारभागात नेमगोंडा मगदूमांच्या पेढीवर
साठ साली तसलं एक मुंबईहून आलं.
लोखंडी पिंप, तीन चाकं, कापडी पिशवी, लांब काळी नळी.
हमाल नळीला सोंड म्हणाले,
आणि सांगलीत सोंड म्हटल्यावर
कुणीतरी कुंकू लावलंच.

हळदीचा हंगाम. पारखी कांडी मोडून वास घेई,
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरे,
आणि फरशीवर पिवळी भुकटी बोटभर.
ती हौसाक्काची.
पगार थोडा, झाडलोट तिची,
असा जुना ठराव, कागदावर नसलेला.
दिवे लागायला ती भुकटी चाळायची, मापट्यानं विकायची;
धनगर घेऊन जात, बिरोबाच्या जत्रेत उधळायला.

यंत्र गुरगुरलं. फरशी काळी निघाली.
पिशवी तराजूत घातली: साडेतीन शेर.
हौसाक्कानं केरसुणी भिंतीशी ठेवली.
"मालक, ह्यो हत्ती माझ्या वाटचं खातुय की."
"तुझा खोकला तरी थांबंल," मगदूम म्हणाले.
थांबला, खोटं कशाला बोलू.

महिन्यात मोटर जळाली.
वडलांनी उघडली तर तांब्याच्या वेढ्यांवर
चिकट पिवळा लेप. "हिला हळद लागली," म्हणाले.
पिशवीला भोक, नवी यायला दोन महिने.

तार गुंडाळता गुंडाळता ते हौसाक्काला सांगत होते:
अमेरिकेत एक झाडूवाला होता, दम्यानं बेजार.
पंखा घेतला, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा,
वर उशीचा अभ्रा बांधला,
आणि श्वास घेता यावा म्हणून यंत्र केलं.
"झाडूवाला?"
"झाडूवाला."
"मग मालक झाला आसंल त्येचा."
वडलांनी तार दातानं तोडली.
"विकलं त्यानं. नाव दुसऱ्याचं लागलं."
बराच वेळ ती काही बोलली नाही.
"अभ्रा मी दीन," म्हणाली.

मांजरपाटाचा, कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा राघू.
वडलांनी दिव्यासमोर धरला.
तळाची शिवण विरळ; टाक्याटाक्यातून उजेड येत होता.
त्यांनी शिवणीकडं बघितलं, मग तिच्याकडं.
ती राघूकडं बघत होती.
पट्टा आवळून त्यांनी तो बसवला.

यंत्र पुढून गिळत चाललं,
मागून बारीक धार सोडत,
पेढीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळी रेघ.
"पिशवी भरंना कशी?" मगदूमांनी एकदा विचारलं.
"धूळच कमी झालीय, मालक," वडील म्हणाले.
आयुष्यात ते खोटं कमी बोलले, आणि बोलले ते असं, पान्हा पुसत.
पेढी बंद व्हायच्या वेळी हौसाक्का त्या रेघेमागनं केरसुणी घेऊन.
चाळण लागत नव्हती आता;
हत्तीनंच चाळून दिलेलं.

खोकला तेवढा परत आला.
वडलांनी विचारलं, तोंडाला फडकं तरी बांध.
पदरानं ओठ पुसत म्हणाली,
"असू दे वो मिस्त्री,
त्यो बी झाडलोटीतच धरलाय."